चौथ्या चरणापुरता श्वास

बेळगावच्या शहापुरातल्या एका घरी संध्याकाळी प्रार्थनेला माणसं जमली होती. घरातल्या काकू कॉटवर पडून होत्या. किमोचा डोस होऊन चार-पाच दिवस झालेले. आलेली माणसं मायेनंच आली होती. गीतं झाली, मोठ्या शास्त्रभागावर मनन झालं, मग एकेकाची प्रार्थना. तास उलटून गेला. शेवटच्या आमेननंतर सगळ्यांनी डोळे उघडले, काकूंचे मात्र मिटलेलेच होते. चहाचे कप वाजायला लागले तशा त्या जाग्या झाल्या आणि कुणा एकाला नाही, अशा सुरात म्हणाल्या, "डोळाच लागला बघा. माझ्यासाठी म्हणून एवढी सगळी आलासा, आणि मीच झोपले. देवाला राग आला असंल काय ओ?" कुणीतरी म्हणालं, "तसं काही नाही काकू, विश्वास ठेवा." बोलणं बसच्या वेळेकडे वळलं. पण काकूंनी विश्वासाबद्दल विचारलंच नव्हतं. विश्वास त्यांच्यापाशी होता, म्हणून तर देवाच्या रागाची काळजी होती. त्यांचा प्रश्न देहाबद्दल होता. देह साथ देत नाही, तेव्हा उपासना कुणी आणि कशी करायची?

याचं उत्तर बायबलातल्या मत्तयाच्या सव्विसाव्या अध्यायात आहे. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने तिघा शिष्यांना जागं राहायला सांगितलं आणि ते झोपले. परत येऊन पाहिलं तर झोपलेले, पुन्हा आला तरी झोपलेले. त्यांना उठवताना त्याच्या बोलण्यात दुःख आहे, पण सोबत समजूतही आहे: आत्मा उत्सुक आहे, देह अशक्त आहे. त्याच अध्यायात पुढे प्रभूच्या स्वतःच्या प्रार्थनेबद्दल एक लहानसं वाक्य येतं, ज्यावरून आपण भरभर पुढे जातो. तिसऱ्या वेळी त्याने पुन्हा तेच शब्द बोलून प्रार्थना केली. घामाघूम झालेल्या, मरणाएवढ्या खिन्न झालेल्या त्या घटकेला त्याने नवे शब्द शोधले नाहीत. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावरही त्याच्या ओठी बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आली आणि अगदी शेवटी एकतिसाव्या स्तोत्राची पाचवी. दोन्ही त्याच्या लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडातल्या. मग तापाने फणफणलेल्या, गुंगीत असलेल्या माणसाने मनातून ताजी, ओघवती, भावपूर्ण प्रार्थना करावी ही अपेक्षा आपण कुठून आणली?

पाठ असलेलं पुरतं.

आपली घरची उपासना बहुतेक वेळा रविवारच्या उपासनेवर बेतलेली असते. लंडन मिशनचे जोसेफ टेलर १८२० साली बेळगावात आले, तेव्हापासून या भागात जी प्रॉटेस्टंट उपासना रुजली, तिचा साचा मुळात निरोग्यांच्या सभेचा: गीताला उभं राहायचं, प्रार्थनेला गुडघे टेकायचे, वचनाला बसून कान द्यायचा. धडधाकट माणसाला तो उत्तम आहे. आजारी खोलीत तो जसाच्या तसा नेला की मोडतो. तिथे सात ते दहा मिनिटं ही मर्यादा धरावी आणि रोज तीच धरावी. गीताचं एक कडवं, पूर्ण गीत नाही. स्तोत्रातली चार ते आठ वचनं. मग मिनिटभर शांतता, आणि ती घड्याळात बघूनच पाळावी, कारण निरोगी माणसाला मिनिट फार लांब वाटतं आणि तो वीस सेकंदांत खाकरून पुढे जातो. मग प्रभूने शिकवलेली प्रार्थना, जी सावकाश म्हटली तरी मिनिटाच्या आत होते. शेवटी गणनाच्या सहाव्या अध्यायातला आशीर्वाद, चोवीस ते सव्वीस, हात हातात घेऊन. बस्स. ज्यांना आणखी प्रार्थना करायची ओढ असेल त्यांनी ती बाहेरच्या खोलीत करावी. ती तिथूनही ऐकली जाते.

वाचणाऱ्याने कुठे बसायचं हेही साधं नाही. पायथ्याशी, खिडकीकडे पाठ करून उभं राहिलं की आजाऱ्याला तुमचा चेहरा काळा दिसतो आणि डोळ्यांवर उजेड येतो. उशाशी, एका बाजूला, तोंड त्याच्या कानाच्या उंचीवर येईल असं स्टुलावर बसावं. आवाज चढवू नये, शब्दांत अंतर ठेवावं. किमो चालू असेल तर वासाचा त्रास फार होतो. केसांचं तेल, सेंट, पेटलेली मेणबत्ती, शेजारच्या खोलीतली फोडणी, कशानेही मळमळ उसळते. त्या काळात मेणबत्ती न लावलेलीच बरी. चहा असेल तर तोही खोलीबाहेर. खानापूरकडच्या पावसात चादरी चार-चार दिवस वाळत नाहीत, खोलीला दमट वास येतो, म्हणून दार बंद करून दहा जणांनी कोंडून बसण्यापेक्षा दोघांनी बसावं आणि दार उघडं असू द्यावं.

गाण्याबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण आपल्याकडे गाण्याशिवाय उपासना झाल्यासारखी वाटत नाही आणि आजारी माणसाला सगळ्यात आधी गाणंच सुटतं. आपल्या गीतांत दोन धारा आहेत. एक इंग्रजी चालींवरची: लांब ओळ, एकेका अक्षराला एकेक संथ सूर, आणि श्वास ओळीच्या शेवटी. दुसरी अभंगाची आणि भजनाची, जी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या पिढीने ख्रिस्ती घरांत रुळवली. आता श्वासाचा हिशोब बघा. स्वस्थ बसलेला निरोगी माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. दमा, हृदयाचा अशक्तपणा किंवा फुप्फुसात पाणी झालेल्या माणसाचे २५, ३० होतात, म्हणजे एका श्वासाला जेमतेम दोन सेकंद, आणि सूर निघतो तो फक्त श्वास सोडताना. आठ अक्षरांची संथ ओळ त्याच्या आवाक्यातली उरत नाही. तो मधेच तुटतो, खोकतो, मग गप्प होतो, आणि गप्प झाल्याचं त्याला वाईट वाटतं. अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. तीन चरण बाकीच्यांनी म्हणावेत आणि चौथा आजाऱ्यासाठी सोडावा. चार अक्षरं एका लहान श्वासात बसतात. न गाता नुसती म्हटली तरी लयीत बसतात. आणि चौथा चरण त्याच्यासाठी मोकळा ठेवलाय हे कळलं की पहिले तीन चरण तो नुसता ऐकत नाही, वाट बघत असतो. उपासनेत भाग घेणं यापेक्षा वेगळं काय असतं?

पेटी असेल तर पट्टी उतरवायला विसरू नये. ज्या बाई एरवी काळी चारला गातात त्यांच्यासाठी पांढरी चार धरावी. आजारपणात वरचे सूर धरायला लागणारा जोर पोटात राहत नाही. ढोलकी नको. टाळ तर बंद खोलीत डोक्यात घुसतो.

वेळ ठरवताना औषधांचा तक्ता समोर घ्यावा, कारण आजाऱ्याचा दिवस त्यावरच चालतो. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेतल्यावर अर्धा ते एक तास काही खायचं नसतं. एरवी हा वेळ घड्याळाकडे बघण्यात जातो. स्तोत्राला यापेक्षा चांगली जागा नाही, आणि गोळी रोज आहे म्हणून स्तोत्रही रोज होतं. दुखण्याच्या गोळीचं उलट आहे. ती घेतल्याबरोबर वाचायला बसू नये. अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा, दुखणं थोडं ओसरलं की शब्द आत जातात. डायलिसिसवर असणाऱ्यांचे बहुधा आठवड्यातले तीन दिवस जातात, एकेका वेळी साधारण चार तास. त्या दिवशी घरी आल्यावर उपासनेचा आग्रह धरू नये, माणूस पिळून निघालेला असतो. त्यापेक्षा मशीन चालू असताना मोबाइलवर स्तोत्र लावून द्यावं, एकाच कानात इयरफोन, म्हणजे नर्सची हाक ऐकू येते. रात्रीची उपासना आजाऱ्यासाठी सगळ्यात अवघड. घरच्यांना मात्र तीच सोयीची पडते, सगळे कामावरून आलेले असतात म्हणून. तिथे घरच्यांनी सोय सोडावी.

काय वाचायचं याचा गोंधळ बहुतेक घरांत असतो. बायबल उघडेल तिथे वाचलं जातं, किंवा सदासर्वकाळ तेविसावं स्तोत्र. तेविसावं आहेच, ते पुसलं जात नाही. पण अशक्ताच्या हाती द्यायला आपल्याकडे एक पूर्ण गठ्ठा आहे: १२० ते १३४, यरुशलेमेला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची पंधरा स्तोत्रं. बहुतेक लहान, चालता चालता म्हणता येतील अशी. १२१ मध्ये आठ वचनं, १२३ मध्ये चार, १३१ मध्ये तीन, १३४ मध्येही तीनच. जागरणाच्या रात्री १३० घ्यावं, पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्याचं. मिरजेला ऑपरेशनसाठी निघताना १२१. झोप लागत नसेल तर तिसऱ्या स्तोत्राचं पाचवं वचन आणि चौथ्याचं आठवं, दोन्ही झोपेबद्दलची. १२७ चं दुसरं वचनही काढून ठेवावं. झोप ही देव आपल्या प्रियजनांना देतो असं तिथे आहे. ते वाचून दाखवलं असतं तर काकूंचा प्रश्न त्याच संध्याकाळी सुटला असता.

आणि रडण्याची स्तोत्रं वगळू नयेत. ही फार मोठी चूक होते, आणि चांगल्या हेतूने होते. भेटायला येणारे फक्त आरोग्याची वचनं निवडतात, विजयाची, गरुडाच्या पंखांची. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायातल्या त्या वचनात पंखांनंतर धावणं येतं आणि धावण्यानंतर चालणं. चालताना थकणार नाहीत, हे शेवटचं वचन बहुतेकांच्या वाचनात विरून जातं. बाथरूमपर्यंत चालायला धरावं लागणाऱ्या माणसाला तेच हवं असतं. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत "किती वेळ" हा प्रश्न चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी कुठलाही उजेड नाही. ज्याच्या मनाला औदासीन्याने ग्रासलंय त्याला असं स्तोत्र वाचून दाखवलं तर तो आणखी खचेल अशी भीती असते. अनेकदा उलट होतं. आपल्यासारखं बोलणारा माणूस बायबलात आहे, आणि त्याचं बोलणं देवाने ठेवून घेतलंय, हे त्याला पहिल्यांदा कळतं. अशा माणसाला डॉक्टरकडेही न्यायचं असतंच. १ राजेच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. उठ, खा, एवढंच सांगतो. भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. मग झोप. मग पुन्हा भाकर, पुन्हा पाणी. होरेब डोंगर आणि देवाची मंद वाणी त्यानंतर, चाळीस दिवस चालून गेल्यावर.

म्हणूनच आजाऱ्याला उपास करायला लावू नये. आपल्या मंडळ्यांत उपवास-प्रार्थना मनापासून होतात, आणि आजारी माणूस म्हणतो, माझ्यासाठी सगळे उपाशी, मी कसा खाऊ? इन्सुलिन किंवा साखरेच्या काही गोळ्या चालू असताना जेवण चुकलं की साखर एकदम खाली येते: घाम, थरथर, बोलण्यात असंबद्धपणा, मग शुद्ध जाते. भर प्रार्थनेत असं झालं तर काही जणांना तो आत्म्याचा स्पर्श वाटतो आणि मोलाची मिनिटं जातात. शुद्ध असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात कालवून द्यावी, शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. उपास इतरांनी करावा. तसंच गोळ्यांचं. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली म्हणून बीपीची किंवा फिटची गोळी थांबवणं हा विश्वास नाही. याकोबाच्या पाचव्या अध्यायात वडिलांना बोलवा, तेल लावून प्रार्थना करा असं आहे, वैद्याला हाकला असं कुठेही नाही. वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेला मिशनचा दवाखाना उभा केला तो प्रार्थना कमी पडली म्हणून नव्हे. आमच्या अथणी-चिकोडीकडची किती घरं त्या वाटेने बरी होऊन आली, हे आपल्याच मंडळीतल्या म्हाताऱ्यांना विचारावं.

आणखी एक. बरं वाटण्याआधी साक्ष मागू नये. "आता कसं वाटतंय, प्रभूने हलकं केलं ना?" असा प्रश्न आला की अंथरुणातला माणूस होय म्हणतो, आणि रात्री दुखणं वाढलं की आपण खोटं बोललो म्हणून कुढत बसतो. प्रेषित पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवणी केली. काटा निघाल्याचं त्याने कुठेही लिहिलेलं नाही. कृपा पुरते, एवढं उत्तर त्याला मिळालं आणि तेच त्याने करिंथकरांना जसंच्या तसं कळवलं.

सीमाभागातल्या घरांत भाषेचा प्रश्न उपासनेतही येतो. आजी मराठी, सून गोकाककडची कानडी, नातवंडं इंग्रजी शाळेत. कॅथलिक घर असेल तर त्यात कोकणीची भर. एरवी हे सगळं गुण्यागोविंदाने चालतं, प्रार्थना एका भाषेत, गीत दुसऱ्या. आजारात मात्र एकच नियम धरावा: आजाऱ्याने लहानपणी जी प्रार्थना ज्या भाषेत पाठ केली, ती त्याच भाषेत. अर्धांगवायूने बोलणं गेलेली माणसं स्वतःहून पाणी मागू शकत नाहीत, पण ओळखीचं गीत सुरू केलं की कित्येकदा शब्दांसकट गातात, किंवा प्रभूची प्रार्थना सुरू केली की पुढचे शब्द आपोआप येतात. हा चमत्कार नव्हे आणि योगायोगही नव्हे. नवं वाक्य जुळवायचं काम आणि पाठ असलेलं म्हणायचं काम मेंदूत अगदी एकाच वाटेने होत नाही. तेव्हा अशा माणसापुढे नव्या भाषांतराचं बायबल उघडू नये. जुनं, त्याच्या कानातलं, त्याच शब्दांचं आणावं. सुनेला मराठी वाचता येत नसेल तर तिने कानडी लिपीत लिहून घ्यावं. उच्चार थोडे वाकडे झाले तरी आजीला चालतात.

प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा प्याला, घरी आणायचं असेल तर पाळकसाहेबांना आधी आजार सांगावा, कारण त्यांना गिळण्याची अडचण बघून कळत नाही. अर्धांगवायूनंतर पातळ द्रव घट्टपेक्षा जास्त सहज श्वासनलिकेत जातो. आजाऱ्याला सरळ बसवावं, हनुवटी किंचित खाली, आणि डॉक्टरने पातळ बंद केलं असेल तर प्याल्याचा आग्रह नको. भाकरीचा कण पुरे. कॅथलिक घरांत कम्युनिअनआधीचा, म्हणजे त्यांच्या प्रभुभोजनाआधीचा, तासाभराचा उपास असतो, पण म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही तो लागू नाही. शुश्रूषा करणाऱ्यांनाही, हे मुद्दाम सांगायचं, कारण ते कुणी त्यांना सांगत नाही. घास गिळता येत नसेल तर नुसत्या द्राक्षारसाच्या रूपातही कम्युनिअन देता येतं. फादरना विचारायला संकोचू नये.

शुश्रूषा करणारीचं काय? ती बहुधा बाईच असते. रात्री तीनदा उठलेली, सकाळी डबे केलेली, आणि वर उपासनाही तिनेच चालवायची. तिची भक्ती सगळ्यात आधी आटते आणि ती सगळ्यात शेवटी कबूल करते. निर्गमाच्या सतराव्या अध्यायात लढाई चालू असताना उंचावून धरलेले मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन बाजूंनी धरले. पण त्याआधी त्यांनी त्याच्या खाली दगड आणून ठेवला, बसायला. मंडळीच्या स्त्री-सभेने यातून एक सोपं काम उचलावं: भेटीला येताना आठवड्याचे वार वाटून घ्यावेत, सोमवारी एक, गुरुवारी दुसरी, आणि आल्यावर दहा मिनिटांची उपासना त्या बाईने घ्यावी, घरातली त्या वेळात आंघोळ करून येईल किंवा झोपेल. नावं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावीत. नुसतं "काही लागलं तर सांगा" म्हटलं की कुणी सांगत नाही. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघांनी खाटेसकट छपरातून खाली सोडला, आणि येशूने विश्वास पाहिला तो त्यांचा, असं लिहिलंय. खाटेवरचा काय म्हणाला याची नोंद नाही. कदाचित त्यालाही झोप लागली असेल.

दुखणं उतरलं की नवस सुटतात: आता रोज पहाटे तास उपासना करेन, रोज दहा अध्याय वाचेन. अंगात नवी ताकद येताना हे बोललं जातं, आणि काही दिवसांतच गुडघा दुखतो, पहाटे पाहुणे येतात, एक दिवस चुकतो, मग दुसरा, आणि आजारात एकही दिवस न चुकलेली उपासना बरं झाल्यावर बंद पडते. इस्राएल लोकांना रानात देवाने रोज दिलेलं अन्न, मान्ना, दुसऱ्या दिवसासाठी साठवला की किडत होता; शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसासाठी, तेवढा सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा. तेव्हा वेळ तीच ठेवावी, गोळीनंतरची. लांबी एकदम वाढवू नये. आधी उठून बसून, मग खुर्चीत, मग जमलं तर देवळात. चौथ्या चरणाऐवजी तिसरा आणि चौथा. यात्रेची पंधरा स्तोत्रं पाठ झाली असतील तर पुढे ११९ घ्यावं. १७६ वचनं आहेत म्हणून घाबरू नये; ते आठ-आठ वचनांच्या बावीस भागांत आहे. रोज एक भाग, बावीस दिवस. मधे दिवस चुकला तर दोन भाग एकत्र करायचे नाहीत, जिथे थांबलो तिथूनच पुढे.